घमेलंभर पिल्लं

३ एप्रिल

हवामानाचं विधेयक पुन्हा पुढे ढकललं. तिसऱ्यांदा. बातम्यांत एका वाक्यात उरकलं आणि लगेच क्रिकेट. सभागृहाला म्हणे वेळ नाही! इथली वाळू मात्र रोज तापतेय.

७ एप्रिल

आई फोनवर विचारते, "दिवसभर त्या किनाऱ्यावर करतेस तरी काय?" काय सांगू! कासविणीची अंडी भरतीपासून उचलायची, कुंपणात पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. आज दोन घरटी उकरली. बहुतेक अंडी आतल्या आत शिजलेली. माझ्यासोबत काम करणाऱ्या काकू इथे माझ्या कितीतरी आधीपासून आहेत, पण वासाने त्याही बाजूला जाऊन बसल्या. जी थोडी जगली त्या सगळ्या माद्याच असणार — वाळू गरम असली की माद्याच होतात. नर कुठून आणायचे?

९ एप्रिल

दादाचा फोन. मंत्र्यांच्या मागेपुढे करण्यात त्याचं आयुष्य चाललंय, पण आज त्याचा उपयोग झाला. "रविवारी साहेब तुझ्या किनाऱ्यावर येतायत. पिल्लं सोडतील. विधेयकाचं सगळं त्यांच्याच हातात आहे, संधी घालवू नकोस." मग हळूच — "आणि दोन-तीन पिल्लं दाखवून हसं करून घेऊ नकोस. जरा भरलेलं दिसू दे."

१० एप्रिल

काकूंशी वाजलं. आज निघालेली पिल्लं मी सोडली नाहीत. घमेल्यात ओली वाळू घालून ठेवली, रविवारपर्यंत साठवायला. काकू म्हणाल्या, "अगं, खोल पाणी गाठण्यापुरतीच शिदोरी असते त्यांच्या पोटात. घमेल्यात हातपाय मारूनच संपवतील ती." मला ठाऊक नाही का? पण एक माणूस पाघळला तर सगळा किनारा वाचेल. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी डबासुद्धा लांब बसून खाल्ला.

११ एप्रिल

आणखी एक घरटं फुटलं. तीही पिल्लं घमेल्यात. सारखी खरखर चालू होती. ओलं फडकं टाकलं. दुपारनंतर आवाज कमी झाला तेव्हा हायसं वाटलं — आणि हायसं वाटलं याचीच भीती वाटली.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी यायचे ते ऊन डोक्यावर आल्यावर आले. मध्ये दोनदा दादाला म्हटलं, आता सोडते. "पाचच मिनिटं, गाड्या निघाल्यात." त्याची पाच मिनिटं मी लहानपणापासून ओळखते, तरी थांबले.

साहेब माणूस म्हणून चांगले वाटले, हेच वाईट. बूट काढले, पाय भाजले, स्वतःलाच हसले. घमेल्यावर वाकून म्हणाले, "अरे वा, किती आहेत ही!" मी सगळं सांगितलं — शिजलेली अंडी, नर नाहीत, विधेयक का हवं. त्यांनी मान डोलावत ऐकलं. "ताई, मी लक्षात ठेवीन." पिल्लं पाण्यात सोडली, फोटो झाले, गाड्या गेल्या.

मग लाटा पिल्लांना परत आणून टाकायला लागल्या. काकू साडी खोचून कमरेभर पाण्यात शिरल्या, एकेकाला पुढे नेऊन सोडत राहिल्या. ती पुन्हा यायची. संध्याकाळपर्यंत बरीचशी हलेनाशी झाली. मी रडले. काकूंनी पाठीवरून हात फिरवला, तो मला सोसवला नाही. त्यांनी चिडायला हवं होतं.

१५ एप्रिल

विधेयक उद्या येतंय! साहेब स्वतः बोलणार आहेत. मी देव पाण्यात घालून बसलेय. पिल्लं गेली ती निदान कारणी लागू देत.

१६ एप्रिल

साहेब बोलले. माझा उल्लेखही केला, "तिथल्या एक कष्टाळू ताई" म्हणून. "उगाच घबराट पसरवली जातेय. मी परवाच माझ्या हातांनी घमेलंभर पिल्लं समुद्रात सोडली. कासवं भरपूर आहेत." बाकं वाजली. विधेयक फेटाळलं.

काकूंना अजून सांगितलेलं नाही.