डीपीखालच्या नऊ मोटारी

३ डिसेंबर २००३, बुध.

मोटारीच्या स्टार्टर-पेटीतला स्क्रू जागच्या जागी फिरत राहिला, निघेना. आमच्या वीजबचत मंडळातली शैला म्हणाली, "सर, पक्कड द्या इकडं." एक हिसका, आणि ऑटो तिच्या हातात. आप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "एवढीशी डबी. आन् डीपी हिनं जाळली म्हंता?"

शैलाचं म्हशींचं भाषण पुन्हा एकदा. वीज आली की ही डबी मोटार आपोआप चालू करते. नऊ मोटारी, नऊ डब्या, सगळ्या एकाच क्षणाला. "एका दारातनं नऊ म्हशी एकदम घुसल्या तर चौकट राहील का, आप्पा?"

बिरूमामा शेजारच्या बांधावरून: "म्हशीचं सोड पोरी. माझी शंभर मेंढरं एकदम घुसायची, चौकट हाय तशी हाय. मोटारी बारीक करा."

आप्पा सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचा संशय वेगळा. "तुम्ही दोघं हे फुकट करता. पगारी मानूस निदान पाचला घरी जातो. फुकट्याला वेळकाळ नसतो."

दिवाळीपासून डीपी, म्हणजे नऊ मोटारींचा ट्रान्सफॉर्मर, दोनदा जळाली. गव्हाचं पहिलं पाणी राहिलंय, कांद्याचं रोप वाफ्यातच पिवळं पडतंय. वीज ऑफिसचे साहेब म्हणाले होते, तिसरी देतो, पण ऑटो निघाले तर. "सर, तुमच्या शब्दावर." मी शब्द दिला.

शेवटी आमची मोटार. आमची म्हणजे दादाची. जमीन दोघांची, कसतो तो. मी राहू गावच्या शाळेत मराठी शिकवतो आणि वर्षाचं धान्य नेतो. दादाने ऑटो आधीच काढून फडक्यात बांधून ठेवला होता. न सांगता. बरं वाटलं.

५ डिसें., शुक्र.

मारुतीच्या देवळात बैठक. वीज नव्हतीच. शैलाचा सौरकंदील मधे ठेवला. सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते, तोंडं अंधारात. त्यामुळे असेल, लोक मोकळे बोलले.

ऑटो नाही म्हणजे वीज यायच्या वेळी मोटारीपाशी माणूस हवा. आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं नाही, एकामागून एक. वाद. मग आप्पाच म्हणाले, "थोरल्या हिरीवर नव्हती का पाळी? भांडनं झाली, डोकी फुटली, पर हीर काय जळली न्हाई." हे भाषण मी तीन गावांत करून पाहिलं होतं. इतकं नीट जमलं नव्हतं.

नंबर वरून खाली, नदीच्या काठाने. पहिला बिरूमामांचा. ते मोटार चालू करून हाळी देणार, ती ऐकून दुसऱ्याने चालू करायची, त्याने पुढे हाळी द्यायची. मामांनी नमुना दाखवला. देवळातले पारवे उडाले. तरुणपणी मेंढरांमागे हिंडले आहेत, आवाज तिथलाच.

आमचा नंबर चौथा. दादा बैठकभर काही बोलला नाही. तो तसा कमीच बोलतो.

नऊ ऑटो भजनाच्या ट्रंकेत, टाळांच्या खाली. किल्ली आप्पांकडे.

८ डिसें., सोम.

शाळा सुटल्यावर शैलाबरोबर वढू बुद्रुकला. दर्शनाच्या वाटेवरच्या दुकानांतून जुने बल्ब काढून कमी विजेचे दिवे लावायचे. दोघांनी लावले. तिसऱ्याच्या मागच्या खोलीत खोक्यात कोंबडीची पिल्लं, वर शंभरचा बल्ब. "न्या काढून. रात्री पिल्लं तुमच्या घरी झोपाया येतील." शैलाने तो बल्ब राहू दिला. वहीत लिहिलं: पिल्लं मोठी झाल्यावर परत येणे.

परतताना म्हणाली, पाबळला वायरिंग शिकले तेव्हा वाटलं होतं, काम तारांचं आहे.

साहेबांचा निरोप: डीपी शुक्रवारी.

१० डिसें., बुध.

वाईट दिवस.

शैलाला पुढच्या गावात दाखवायला एक ऑटो उघडून हवा होता. आप्पांनी ट्रंक उघडली. तिने सहज मीटर लावला. काटा हलला नाही. दुसऱ्यालाही नाही. मग तिने सगळेच ओळीने देवळाच्या फरशीवर मांडले.

नऊपैकी दोन चांगले. बाकी जळालेले, कधीचे कोण जाणे. घरोघर अडगळीत पडलेले असणार. चांगला ठेवायचा, मेलेला द्यायचा. म्हणजे आधीच काढून ठेवलेले काय आणि आम्ही स्वतः पेटीतून काढलेले काय, सारखेच. आम्ही यायच्या आधी पेटीत मेलेला लावला, आमची पाठ फिरल्यावर चांगला.

आप्पा खाली बसून पाहत होते. "माझा कंचा?" शैलाने दाखवला. काजळी धरलेला. "हंऽ," म्हणाले. जरा वेळाने, "म्हंजी सगळ्यांनीच व्हय?" आवाजात थोडं समाधान होतं, असं मला वाटलं.

फडक्यात बांधलेला मी न विचारता ओळखला. वास येत होता.

"सर, साहेबांना सांगायचं?" शैला.

"पोरी, आधी डीपी येऊ दे," आप्पा. "मग बघू काय सांगायचं ते."

मी राहूला परतलो. वह्या तपासायच्या होत्या. तपासल्या नाहीत.

११ डिसें., गुरु.

वस्तीवर गेलो. दादा गोठ्यात. विचारलं. त्याने लपवलं नाही.

"जुना व्हता त्यो दिला. नवा पेटीत हाय."

"का?"

"एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रातीची. रातीच्या आठवड्याला बटन दाबाया कोन जातंय, म्हाईत हाय का तुला?"

माहीत नव्हतं. दादाचा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नाही. नदीपर्यंत वहिनी जाते. बॅटरी घेऊन, उसातून. डीपी पहिल्यांदा जळाली त्याच्या आधीच्या आठवड्यात ओढ्यात पडली होती. हात दुखावला होता. मला दिवाळीत सांगितलं होतं, पाय घसरला. कुठे, कशासाठी, मी विचारलं नव्हतं.

"ऑटो बसवला तवापासनं ती रातीची निजती."

मी म्हणालो, मी शब्द दिलाय.

"मला इचारून दिला का? तू शब्द द्यायचा आन् हिनं उसातनं जायचं. चांगलं हाय तुमचं मंडळ."

वहिनी चहा घेऊन आली. "भावजी, बसा की. उभ्यानं का भांडता?" दोघंही बसलो. चहा पिऊन मी निघालो.

राहूला येईपर्यंत एकच विचार: साहेबांना काही सांगितलं नाही तर काय होईल. गहू वाचेल. एखादा महिना. मग एका सकाळी नऊ मोटारी एकदम. चौथी डीपी कुणी देणार नाही, आणि माझ्या शब्दावर तर नाहीच.

१२ डिसें., शुक्र.

ट्रॉलीतून डीपी आली. साखळीने वर चढवली. सगळे जमले होते, कुणीतरी नारळ आणला होता. साहेब हात पुसत म्हणाले, "सर, ऑटो?"

मी सांगितलं. ट्रंकेतले बहुतेक मेलेले आहेत. चांगले मोटारींवर आहेत. नावं घेतली नाहीत. वाक्यं दोनच.

नारळ तसाच हातात राहिला.

मग बिरूमामा: "आन् माझा?"

शैला म्हणाली, "तुमचा चांगला आहे, मामा."

"म्हंजी खरा दिला त्यो येडा मीच? द्या माझा परत. जळका देतो, घरी चार हायत."

हसले सगळे, साहेबसुद्धा. पण त्यांनी डीपीचा स्विच बंदच ठेवून कुलूप घातलं. "उद्या संध्याकाळी येतो. प्रत्येक पेटी उघडून बघणार. एकही ऑटो दिसला तर डीपी परत नेतो."

ते गेल्यावर आप्पा जवळ आले. "सर, एक इचारतो. तुम्ही आमचे का सायबाचे?" उत्तराची वाट न पाहता गेले. दादा त्याआधीच गेला होता. नारळ कुणी फोडला नाही.

शैला बांधावर बसून होती. म्हणाली, "मी सांगितलं असतं तर मला गावात येऊ दिलं नसतं. तुम्हाला देतील." मी म्हणालो, बघू.

१३ डिसें., शनि.

सुट्टी असून साहेब आले. काठाने चालत एकेक पेटी. बिरूमामांची मोकळी. दुसरी, तिसरी मोकळी. ऑटोच्या जागी चौकोनी स्वच्छ डाग, भोवती धूळ.

चौथी आमची. दादा पेटीपाशी उभा. झाकण उघडलं. ऑटो आत, जागेवर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरला.

"तूच काढ. शब्द तुझा हाय."

काढला. स्क्रू सरळ आला.

"आता बटनबी तुझं. दिवसाचं, रातीचं."

मागे आप्पा होते, सगळी माणसं होती. मी हो म्हणालो. मोठ्याने म्हणालो की नाही, आठवत नाही. दादा गुडघा धरत बाजूला झाला. साहेब पुढच्या पेटीकडे निघाले.

पुढच्या पाचही मोकळ्या. आप्पांची शेवटची. आप्पा म्हणाले, "सायेब, जरा खालीबी वाकून बघा, न्हाईतर म्हनाल चेअरमननं लपवला."

दिवस मावळताना कुलूप निघालं, स्विच चालू केला. वीज सकाळी सहाला.

सायकलवर कपडे बांधून वस्तीवर आलो. वहिनीने ओसरीत अंथरूण टाकलं. "किती दिस, भावजी?" म्हणाली. थट्टेने की खरंच, कळलं नाही. शाळा, वह्या, रात्रीचा आठवडा, आणि पुन्हा दर पंधरवड्याने तोच. हिशेब मांडू लागलो. सोडून दिला.

१४ डिसें., रवि.

सकाळी सहाला वीज आली. धुकं होतं. वरून बिरूमामांची हाळी आली, मग दुसरी, तिसरी. मी बटण दाबलं. मोटार चालू झाली. पुढे हाळी दिली. पहिल्यांदा कुणी ऐकली नाही. पाचव्या मोटारीवरून कुणी ओरडलं, "सर, वर्गात बोलताय का?" पुन्हा दिली. पाचवी चालू झाली. नऊही झाल्या. डीपी शाबूत.

पाइपातून पाणी पडल्यावर दादा आला. माझ्याकडे न बघता खोरं घेऊन वाफ्यांची दारं धरायला गेला.

उद्यापासून आठवडा रात्रीचा.