सव्वा मूठ गहू

१३ जुलै, रविवार

अखेर खोली मिळाली! मित्र योगेंद्रच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपायचे आणि सकाळी त्याच्या बायकोचे टोमणे ऐकायचे दिवस संपले. जळगावात एकट्या पोराला खोली मिळणं लग्नाला मुलगी मिळण्याहून अवघड. एका मालकाने फॅमिली कुठंय विचारलं, दुसऱ्याने अंडी खाता का विचारलं, तिसऱ्याने डिपॉझिट असं सांगितलं की मी समोरचा चहा न पिताच उठलो. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणाऱ्याला पगार तो किती!

ही खोली मेहरूणला, तलावाच्या बाजूला. ताजा चुना मारलाय, खिडकीतून वारा येतो, मोरी वेगळी. मालक अभिमन नाना आणि त्यांची बायको भागाबाई, दोघंच म्हातारी माणसं. तिला मी अक्का म्हणायला लागलो. भाडं इतकं कमी की मला वाटलं नाना अर्धंच बोलले. डिपॉझिट नाही. अट एकच, श्रावणात कानबाई देवी बसते त्या दिवशी त्यांच्या घरी जेवायचं, घरच्यासारखं. जेवायची अट कोण नाकारतं? मी लगेच हो म्हणालो.

पिंपळनेरला फोन केला. आईला मी लाडाने नावानेच हाक मारतो, ताईबाई. तर ताईबाईंना लगेच काळजी, नळाला पाणी किती वेळ येतं, शेजार कसा आहे. धाकटी सुलक्षणा मागून ओरडत होती की राखीला आला नाहीस तर बघ.

२२ जुलै, मंगळवार

मजेत आहे. अक्का रोज काहीतरी वाटीत घालून देते, काल शेवभाजी होती. ती आणि नाना दोघंच, पण मोरीवर ताटं मात्र पाच-सहा घासते. सवय असेल.

आज विचारलं, आधीचे भाडेकरू खोली सोडून कुठे गेले. अक्का म्हणाली, कोणी कुठे गेलं नाही, सगळे इथेच आहेत. याच गल्लीत घरं बांधली असतील. चांगलं आहे, मलाही कधीतरी जमेल.

३१ जुलै, गुरुवार

रविवारी कानबाई बसणार. आमच्याकडेही बसते. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. रोट फक्त घरच्यांनी खायचे. लेक लग्न होऊन गेली की तिलाही मिळत नाहीत, मग परक्याचं काय. आई दरवर्षी आमच्या तिघांच्या मुठी काढते.

लॅबला जाताना पाहिलं, अक्का सुपात गहू घेऊन बसली होती. एक मूठ नानांची, एक तिची. मग लोटनची, जीवरामची, ललितची. मुलं बाहेरगावी असतील असं मला वाटलं. शेवटी तिने माझं नाव घेतलं.

मी हसून सांगितलं की अक्का, माझी मूठ पिंपळनेरला निघते, मी तुमचे रोट खाऊ शकत नाही. ती म्हणाली, "भाडेकरू नही, आते तू घरना शे." म्हणजे आता मी घरचा. नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, जमत नसेल तर शनिवारपर्यंत खोली रिकामी कर.

दिवसभर तेच डोक्यात. पुन्हा ते दलाल, पुन्हा योगेंद्रची बायको. मला हे घर हवंय. आईला कळणारही नाही. रोट म्हणजे शेवटी पोळीच ना.

३ ऑगस्ट, रविवार

जेवलो. चौरंगावर कानबाई म्हणून नथ घातलेला नारळ, समोर सहा ताटं. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. पहिला घास गिळताना आई आठवली आणि लाज वाटली. अक्का म्हणत होती, "खाय ले भाऊ, बठ्ठं खाय ले." सगळं संपवलं.

जेवताना आम्ही तिघंच होतो. हात धुवून आलो तर सहाही ताटं रिकामी होती.

४ ऑगस्ट, सोमवार

सुलक्षणाचा फोन. आईने गुरुवारी दोनच मुठी काढल्या. सुलक्षणाही समोर होती, पण तिनेही टोकलं नाही, का ते तिला कळत नाही. काल रोट वाटताना तिच्या लक्षात आलं. आईला विचारलं तर आई म्हणाली, आपण दोघीच तर आहोत. सुलक्षणा आधी हसत होती, मग रडायला लागली. मी तिला समजावलं. मला रडू आलं नाही.

लॅबमध्ये सुई माझ्याच बोटात गेली. रक्त दिसलं तेव्हा कळलं.

६ ऑगस्ट, बुधवार

आईला फोन केला. "कोन बोली ऱ्हायनं?" मी नाव सांगितलं. राँग नंबर लागला दादा, असं म्हणाली. चांगल्या आवाजात म्हणाली.

नानांच्या घरात मागच्या खोलीत तिघं बसलेले असतात. आता दिसतात. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. घाबरायला हवं होतं — मी बसलो.

ललित माझ्याआधी या खोलीत राहायचा, औषधांच्या कंपनीत होता म्हणे. गाव विचारलं. बराच वेळ आठवत बसला. मग म्हणाला, हेच.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. पहाटेची एसटी धरून पिंपळनेरला गेलो. दार सुलक्षणाने उघडलं. मनगट पुढे केलं. ती मागे सरकली, आईला हाक मारली. आईने ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कोना घरना शेतस?"

पाणी पिऊन उठलो — एसटीत कुठलं तिकीट म्हणून विचारलं तेव्हा तोंडून आपोआप निघालं. मेहरूण, घरी.

११ ऑगस्ट

नानांनी पुढची खोली रिकामी करायला सांगितली. घरच्यांनी मागे राहायचं असतं. खोली बघायला धुळ्याचा एक जण आला. भाडं ऐकून खूश झाला. मी त्याला सांगायला गेलो — तो माझ्यातून पलीकडे खिडकी बघत होता — वारा छान येतो म्हणाला —

मंगळवार असेल

विसरायच्या आत लिहून ठेवतो. मी किरण. गाव डोंगराजवळ — बस साक्रीवरून जाते — बहीण आहे. होती. नाव सु —

लोटन सांगतो, त्रास होत नाही. खरंच नाही होत.

आई हाक मारतेय, ताट वाढलंय. तिचं नाव तरी लिहितो. ते कसं विसरेन, मी तिला नावानेच हाक मारतो. आईचं नाव भागाबा