क्रोकसचे चार ठसे

मी, मृणालिनी वसंत चांदोरकर, वय ७६, राहणार विनिपेग. डोके शाबूत आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर आवराआवरीला कंटाळून हे लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर आणि बँकेतील शिल्लक मुलगी ऊर्मी हिला. बेसमेंट उपसण्याचा त्रासही तिलाच.

२. छपाईचे टेबल, रंग, कोरायच्या पटाश्या कम्युनिटी सेंटरच्या शिकाऊ वर्गाला. टेबलाचा डावा पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा.

३. लाकडी ठसे. ऊर्मी बर्नाबीहून फोनवर म्हणाली, "आई, ते ब्लॉक्स रिसायकल कर ना. नोबडी प्रिंट्स बाय हँड एनीमोर." ऊर्मी, हे टाकायचे नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातील काही कारागिरांनी गिरणीच्या भडक कापडाला विटून कुंपणावरची साधी फुले लाकडी ठशांनी कापडावर उतरवली. १९७८ साली मी आणि मैत्रीण उमा वाळिंबे त्याच रीतीने, बर्फ वितळताना उगवणारी इथली क्रोकसची फुले छापू लागलो. एका रंगाला एक ठसा, असे चार. चारही नेमके बसले तरच नक्षी पुरी होते.

१९८६च्या प्रदर्शनात ती नक्षी एकट्या माझ्या नावावर लागली. उमा भांडली आणि रेषांचा व पानांचा असे दोन ठसे घेऊन गेली. पाकळ्यांचा आणि मागच्या रंगाचा हे दोन माझ्याकडे राहिले. तेवीस वर्षे दोघींनाही ती छापता आली नाही. इथल्या मराठी मंडळात मी सांगत राहिले की उमाने माझे ठसे पळवले.

ते खोटे आहे. फुलाचे चित्र उमाने काढले, चिखलात गुडघे टेकून. मी फक्त एका ठशाचा देठ पुढच्या ठशाला जुळवून दिला. प्रदर्शनाच्या अर्जावर एकाच नावाची जागा होती आणि पेन माझ्या हातात होते. मला याची लाज वाटते. दोनदा तिच्या घरापर्यंत गेले, पण गाडीतून उतरले नाही.

माझे दोन्ही ठसे उमाला द्यावेत. ऊर्मीने स्वतः न्यावेत, पोस्टाने नको. दार लवकर उघडणार नाही, तरी थांबावे.

४. साक्षीला उमालाच बोलवायचे होते. वकील म्हणाले, "ज्यांना काही मिळतं, त्यांना विटनेस होता येत नाही." म्हणून शेजारचे देवदत्त आणि नीरजा सबनीस सह्या करीत आहेत. मी सही केली, एवढेच त्यांनी पाहिले. बाकीचे जिने पाहिले, तिची सही इथे चालत नाही.

सही: मृणालिनी चांदोरकर
साक्षीदार: देवदत्त सबनीस, नीरजा सबनीस
विनिपेग, ११ एप्रिल २००९. क्रोकस अजून उगवलेले नाहीत.