कादंबरीतली लेक

३ मार्च

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. गेल्या महिन्यात तीन कादंबऱ्या संपवल्या, आणि तुझ्याशिवाय माझी मतं ऐकून घेणारं कुणी नाही, तेव्हा सोस. पहिलीत नुसतं धुकं. अर्धं पुस्तक एक माणूस धुक्यात आपला कोट शोधतो. तो सापडेपर्यंत मलाच उकडायला लागलं. दुसरीतला खलनायक पुढचे दात पडलेले असूनही कडाकडा सफरचंद खातो. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवणाऱ्या बाईला असलं खपत नाही.

तिसरी मात्र झकास. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला एक बेकरीवाला उतारवयात पुन्हा लग्न करायचं ठरवतो, आणि त्याची लेक शेवटपर्यंत तोंड फुगवून बसते. मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बापाला चार सुखाचे दिवस मिळतायत तर हिचं काय जातंय? पुस्तक सोबत पाठवतेय. तुझं झालं की अण्णांना दे.

दादाला म्हणावं, फोटोत पोट आत घेत जा. लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी हरकत नाही.

तुझी,
छबू

१९ मार्च

प्रिय छबूवन्सं,

अनेक आशीर्वाद. (तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी असले तरी हक्क सोडणार नाही.)

पुस्तक पोचलं, पण पोस्टानं त्याची पाठ मोडली. अण्णा ते वाचनालयात बांधून घ्यायला गेले. तिथे पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एक बाई आहेत. गेल्या वर्षी अण्णा पेपर वाचत बसले असताना त्यांनी सांगितलं होतं, की तुमचा चष्मा नाकावर वाकडा बसलाय. जन्मभर लोकांचे चष्मे बनवत आलेल्या माणसाला असं सांगायला छाती लागते. तेव्हापासून दोघांचं रोज भांडण, कादंबऱ्यांवरून. अण्णांना जे आवडतं ते बाईंना पसंत नसतं. अण्णा घरी येतात ते हुशारून, आणि भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतात.

आता नीट बसून वाच. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. नोंदणी पद्धतीनं, पुढच्या महिन्याच्या शेवटी. तुझा दादा ऐकल्यावर स्टूल घेऊन पंखा पुसत बसला. आता ठीक आहे. लेकीला कळवायचं काम अण्णांनी सुनेवर टाकलं. म्हणाले, हात थरथरतो. सुईत दोरा मात्र अजून तेच ओवून देतात मला.

तू खूश होशील असं वाटतंय. तुझं पत्र वाचूनच त्यांना धीर आला.

तुझी,
वहिनी

२६ मार्च

सौ. वहिनीस,

सा. न.

माझं पत्र त्यांना दाखवायला नको होतंस. ते पुस्तकाबद्दल होतं. कादंबरीतली आई पहिल्या पानाच्या आधीच गेलेली असते. वाचणाऱ्यानं तिला पाहिलेलंच नसतं. माझी आई मी पाहिलीय.

मी येणार नाही. अण्णांना काय सांगायचं ते तूच ठरव.

छबू

२ एप्रिल

चि. छबूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कादंबरी वाचली. माझं मत तुझ्याहून वेगळं आहे. त्या मुलीचं मला काही चुकलेलं दिसत नाही. बापानं भरल्या पंगतीत, सगळ्यांदेखत तिला सांगितलं. पोर घास हातात धरून बसली. एवढी मोठी गोष्ट सांगायची तर माणसानं उठून तिच्या दारी जायला हवं होतं. मी तरी काय केलं? सुनेच्या पदराआड लपलो.

म्हणून गुरुवारी एकटाच येतोय. तुझी परवानगी मागायला नाही. लग्न मी करणार आहे. पण तुला जे बोलायचंय ते समोर बसून ऐकायचंय. रागावलीस तरी चालेल, रजा मात्र काढू नकोस. मी लॅबवरच येईन.

तुझा,
अण्णा

१२ एप्रिल

श्रीमती बाईंना,

सा. न. वि. वि.

मायना लिहायला फार वेळ लागला. आई लिहिणं जमणार नाही, काकू तर मुळीच नाही. तूर्त बाई चालेल ना?

अण्णा आले ते प्लॅस्टरच्या जबड्यांमध्ये स्टुलावर बसून राहिले. मी मुद्दाम काम करत राहिले आणि एक चांगली कवळी बिघडवली. मग बाहेर बाकावर बसलो, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, की आईला विसरलात का. ते म्हणाले, की घरात तिचं नाव काढलं की आम्ही मुलं विषय बदलतो. त्यांना त्रास नको म्हणून बदलायचो, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. तुम्ही मात्र बदलत नाही. उलट विचारता, ती कशी हसायची, कशावरून चिडायची. मग आम्ही अंधार पडेपर्यंत आईबद्दलच बोललो. ती गेल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा. दोघंही रडलो, आणि नंतर तिच्या कंजूषपणाच्या गोष्टी आठवून खूप हसलो.

तुमच्याबद्दल मला एकदम माया वाटेल असं म्हणत नाही. पण ओळख करून घ्यायची आहे. अण्णा खुर्चीत घोरतात आणि उठवलं की जागाच होतो म्हणतात, त्यावर वाद घालू नका. कादंबरीचा उत्तरार्ध तुम्हाला कच्चा वाटला, असं कळलं. मला वाटत नाही. त्यावर मात्र वाद घालू.

साक्षीदार म्हणून सही करायला मी येते आहे. सही करताना मला रडू आलं तर कुणी थांबू नका. पुढचा कागद सरकवा.

अजून न भेटलेली, पण तुमचीच,
छबू