जाणवलेला धक्का: दहापैकी नऊ

वॉकर्स बेंड, ओक्लाहोमा
सोमवार, २९ सप्टेंबर

प्रिय लोवेलदादा,

धाकट्या नेल्डाचा तुला नमस्कार, मॅक्सिनवहिनीला खूप खूप प्रेम, आणि तुझ्या नव्या गुडघ्यालाही मी विचारलंय म्हणून सांग. तो बसवल्यापासून तू जिना उतरताना पायऱ्या मोठ्याने मोजतोस असं वहिनी फोनवर म्हणाली. मोज बापडा, तेवढीच घराला जाग. वहिनीच्या भेंडीच्या लोणच्याची बरणी पोचली आणि संपलीसुद्धा. रिकामी परत पाठवायची आपल्यात पद्धत नाही, तेव्हा तिच्यात काय घालावं याचा मी गेले तीन आठवडे विचार करते आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि कुत्री. तुझ्या मेव्हण्याचं, बर्लचं, काय ते पुढे लिहिते, कारण त्याच्याचसाठी हे पत्र लिहायला बसले आहे. (तो आत्ता ट्रकच्या खाली शिरलाय. नुसते पाय दिसतायत. म्हणजे तासभर तरी धोका नाही.)

चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढून बर्ल खाली उतरला तेव्हा घरात त्याला कुणी काही विचारेना, हे तुला माहीत आहेच. मीही विचारत नसे. त्याच्या उत्तरांचा मला काही उपयोग नसतो. मग त्याला आमच्या चर्चचं दार मिळालं. दारावरच्या पथकात पाच म्हातारे, वयांची बेरीज साडेतीनशेच्या पुढे, आणि बर्ल त्यांचा म्होरक्या. रविवारी सकाळी दाराशी उभं राहायचं, येणाऱ्याच्या हातात प्रार्थनेची पत्रिका ठेवायची, पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या द्यायच्या आणि कोटाच्या आत कमरेला पिस्तूल बाळगायचं, न जाणो म्हणून. (अकरा वर्षांत ही न जाणोची वेळ एकदाच आली. ते पथकातल्याच प्रूइटचं बोकड निघालं आणि पेपरमिंट खाऊन परत गेलं.) पण दादा, त्या दारात उभा असला की बर्ल एक वीत उंच दिसतो. लोक त्याला विचारतात, पाऊस पडेल का, अमक्याच्या बायकोचं ऑपरेशन कसं झालं, पार्किंगमध्ये दिवे चालू राहिलेली गाडी कुणाची. आठवड्यातून एक दिवस त्याला सगळं माहीत असतं.

आता चर्चच्या विमेवाल्यांनी नियम काढलाय. दर ऑक्टोबरात पन्नास गोळ्यांची परीक्षा. चाळीस निशाणावर लागल्या तर दारावर, नाहीतर इतर पापी माणसांसारखं बाकावर. यंदाची परीक्षा अठरा ऑक्टोबरला आहे. पूर्वी बर्लच्या अठ्ठेचाळीस लागायच्या. गेल्या वर्षी एक्केचाळीस लागल्या. परवा सरावात छत्तीस.

याला कारण बर्लची अक्कल. दर वर्षी तो आधीच्याहून लहान पिस्तूल घेतो. पहिलं दणदणीत होतं, त्याने पँट खाली ओढली जायची. मग मधलं घेतलं, ते कोटातून दिसायचं. आता घेतलंय ते अंगाच्या साबणाएवढं आहे, आणि वजन इतकं कमी की धुवायच्या कपड्यांत दोनदा माझ्या हाती लागलं. बर्ल ते असं दाखवतो जणू स्वतः घडवलंय. अरे, पण आत काडतूस तेच ना? दणदणीत पिस्तुलात धक्क्याचा अर्धा भार पोलाद खातं. या चिमुरड्यात खायला आहेच कोण, सगळं येतं ते तुमच्या तळहातात. बाबांनी आपल्याला हे तळ्यावर शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पण दुकानात जा, काउंटरमागचा तो दाढीवाला हात लहान दिसला की पिस्तूलही लहान काढतो. बायकांना तर हमखास. लहान माणसाला लहान चमचा द्यावा तसं. आणि सत्तरीच्या पुढच्या पुरुषाला तेच पिस्तूल देताना म्हणतो, काका, हे हलकं आहे, तुम्हाला बरं पडेल. काका खूश.

आता वीस तारखेची गोष्ट. पथकातल्या हॉलिसने (चर्चचा कारभार बघतो, म्हणून डीकन म्हणायचं) डोकं लढवलं की दारावरच्या सगळ्यांनी एकच पिस्तूल वापरावं, आणि ते शास्त्रशुद्ध निवडावं. म्हणून त्याच्या शेततळ्याकाठी, मातीच्या बांधासमोर, एका फळीवर पाच पिस्तुलं मांडली, बर्लच्या चिमुरड्यापासून हॉलिसच्या स्वतःच्या पोलादी धुडापर्यंत. प्रत्येकाने प्रत्येकातून पाच गोळ्या झाडायच्या आणि छापील कागदावर लिहायचं: जाणवलेला धक्का, एक ते दहा. एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. कागद गोळा करायला आमचे तरुण पाळक ब्रदर केल्विन, आणि सँडविचं नि बर्फाचा गोड चहा वाटायला मी. मी खुर्ची टाकून बसले आणि पुरुषांचे हात बघत राहिले. (तोंडं बघण्यात अर्थ नव्हता, सगळ्यांनी आधीच तयार करून आणली होती.)

काय सांगू दादा. प्रूइटने ते चिमुरडं झाडलं. अंगठा आणि बोटामधल्या बेचक्यातलं कातडं सोलून निघालं. त्याने रुमाल गुंडाळला, पेन्सिल घेतली आणि लिहिलं, दोन. कागदावर रक्ताचा थेंब पडला तर तो म्हणाला केचप. हॉलिस झाडून झाल्यावर पाठीमागे हात झटकत होता, गांधीलमाशी चावल्यासारखा, आणि पुढून हसत होता. त्यानेही दोन. उरलेल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वारा होता म्हणे. वारा मला तरी दिसला नाही, तळ्यावर तरंगसुद्धा नव्हता. आमच्या बर्लने पाच गोळ्या झाडल्या, हात खिशात घातला, डाव्या हाताने पेन्सिल धरली आणि लिहिलं, एक. पथकाचा म्होरक्या ना तो.

मग आलं पोलादी धूड. त्याचा धक्का म्हणजे कुणी हलकेच खांद्यावर हात ठेवावा तसा. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना विचार करायला सवड मिळाली. कुणी तीन लिहिलं, कुणी चार, प्रूइटने तर खाली शेराही मारला की नळी जराशी वर उठते. ब्रदर केल्विनने सरासरी काढली आणि गंभीर आवाजात वाचली. चिमुरडं, एक पूर्णांक आठ. धूड, तीन पूर्णांक आठ. म्हणजे कागदावर सिद्ध झालं की त्या तळ्याकाठी ज्याने रक्त काढलं ते सर्वांत सौम्य. पाच म्हाताऱ्यांनी मिळून गणिताला खोटं बोलायला लावलं, आणि ते बिचारं एकवीस तारखेच्या रविवारच्या पत्रिकेत छापूनही आलं: महिला आणि नाजूक मनगटांसाठी विशेष शिफारस. आमच्या पियानोवाल्या ओपल जीनने ते वाचलं. वय एकोणऐंशी. बुधवारी पुतण्याकडून चिमुरडं मागवलं, गुरुवारी एक गोळी झाडली. काल रविवारी तिने सगळी स्तोत्रं नुसत्या डाव्या हाताने वाजवली. (कुणाच्या लक्षातही आलं नाही, हा भाग वेगळा.)

तर सरासरी वाचून झाल्यावर मी चहाचा जग खाली ठेवला आणि म्हटलं, मलाही एक कागद द्या. हॉलिस म्हणाला की कागद मोजून आणलेत. मी सँडविचांच्या पिशवीच्या पाठीवर लिहीन म्हटलं. मग झाडल्या पाच गोळ्या त्या मेल्या चिमुरड्यातून, आणि लिहिलं, नऊ. स्पष्ट, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसेल असं. त्या तळ्यावर जे खरं होतं ते लिहायची हिंमत एका बाईत होती, एवढंच म्हणते. मला वाटलं, एकाने तोंड उघडलं की दुसराही उघडेल. दुसरं कुणी नाही तर निदान बर्ल. कसलं काय. हॉलिसने माझ्या पिशवीची घडी घातली आणि म्हणाला की बायकांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, सरासरी बिघडते.

आणि बर्ल? तो विरघळला. माझ्या मनगटाची त्याला दया आली. त्या दिवसापासून किराण्याच्या पिशव्या मला उचलू देत नाही. कढई स्वतः उतरवतो. कुत्रीची साखळी तोच धरतो, आणि ती खार दिसली की कशी ओढते तुला ठाऊक आहे. हे सगळं त्याच उजव्या हाताने, ज्याचे सांधे अक्रोडासारखे झालेत. मग फ्रीजरमधलं मटाराचं पाकीट काढून मुठीत धरून उभा राहतो आणि मी आले की म्हणतो, रात्रीला मटार करायचे का ते बघत होतो. ते पाकीट आतापर्यंत सहा वेळा वितळून गोठलंय. त्यातले मटार आता कुत्रीही खाणार नाही.

परवाच्या सरावाला त्याची काडतुसं मी भरून दिली आणि मधेच एक खोटं घातलं, ज्यात दारू नसते. नवशिक्यांसाठी करतात ते. त्या काडतुसाला चाप ओढल्यावर नुसतं टक झालं, आणि पिस्तुलाने जमिनीकडे मान टाकली. धक्का आलाच नव्हता रे, पण त्याचा हात आधीच घाबरून खाली गेला होता, डोळे गच्च मिटलेले. मी मागे उभी राहून पाहिलं. चौतीस वर्षं जिवंत तारांना हात घालणारा माणूस. तो वळला आणि म्हणाला, काडतूस खराब निघालं. मी म्हटलं, हो, हल्ली खराबच येतात.

घरी येताना ट्रकमध्ये मात्र राहवलं नाही. म्हटलं, "बर्ल, तुझा हात दुखतो."

"हात माझा आहे. दुखला की मला कळेल."

मग धान्याच्या कोठारापाशी वळताना, रस्त्याकडेच बघत, तो म्हणाला, "दार गेलं तर रविवारी मी बसू कुठे?"

"माझ्या शेजारी."

"तू तर वर गाणाऱ्यांत उभी असतेस."

हे खरं आहे, दादा. बावीस वर्षं मी वर उभी असते आणि अकरा वर्षं बर्ल मागे दारात. आमच्या नावाचा बाक असा नाहीच. मला रडू आलं आणि ते लपवायला मी खिडकीबाहेर बघून हॉलिसच्या गाईंना नावं ठेवली.

बरं, पुरे झालं. पाय ट्रकखालून सरकायला लागलेत. वहिनीला सांग, बरणीत पीचचा मुरांबा घालून पाठवते. गुडघ्याला जप, आणि उतरताना पायऱ्या मोजायच्याच असतील तर मनात मोज.

तुझी धाकटी बहीण,
नेल्डा

ता. क. खरं काम राहिलंच. बाबांचं पोलादी पिस्तूल तुझ्या कपाटात पडून आहे ना, तेही हॉलिसच्यासारखं धूडच, ज्याने मी नऊ वर्षांची असताना डबे उडवले होते? ते बर्लला दे. माझं नाव काढू नकोस. मी सांगितलं तर तो घेणार नाही, आणि दुकानातून जड पिस्तूल घेणं म्हणजे सगळ्या पथकासमोर हात दुखतो म्हणून कबूल करणं. तू त्याला वेगळं पत्र टाक. लिही की आता तुला ते पेलवत नाही, गंज चढतोय, बाबांच्या वस्तूला दर आठवड्याला चालवणारा खंबीर हात हवा आणि असा हात तुझ्या ओळखीत एकच आहे. थोडं लाचार लिही. मेव्हण्याची कीव करायची संधी बर्लने अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही सोडलेली नाही. आणि दहा तारखेच्या आत स्वतः घेऊन ये. तुमच्या इनिडहून चार तासांचा तर रस्ता. त्याच्या हाताला सवय व्हायला आठवडा लागेल, आणि परीक्षेला पिस्तूल कुठलंही चालतं.

ता. ता. क. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. मी नऊ लिहिलं ते खोटं होतं. मला धक्का तीनच जाणवला, फार तर चार. पाचही गोळ्या मधल्या गोलात होत्या आणि ब्रदर केल्विनने ते पाहिलं. काल प्रार्थनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, बर्लभाऊंचं नाही जमलं तर दारावर तुम्ही उभ्या राहाल का? मी मनगट धरलं आणि कळवळून दाखवलं. तेव्हापासून धरूनच आहे. घरात तर वीस तारखेपासूनच, बरणी उघडायची झाली की मी ती बर्लकडे देते आणि तो मान हलवत, माझी कीव करत, एका झटक्यात उघडून देतो. झाकण मी आधीच सैल केलेलं असतं.