बिब्बा उतला

५ एप्रिल
मोहोळवरनं एष्टीनं आले. अक्कलकोट रोडला म्हाळसाक्काचं घर, दोन खोल्या, वर पत्रा. अक्का माजी थोरली भन. तिच्या पोराला, बिरप्पाला, पुन्याला नोकरी, अन हितं आईला इसराचा रोग झालाय. म्हनून त्यानं मला, मावशीला, बोलावलं. डाक्तरीनबाईनं सांगितलंय, रोज काय खाल्लं, कशी वागली ते वहीत लिवा. सातवी पास हाय मी, लिवीन की.

अक्कानं दारातच वळखलं. म्हनली, आली का बजा? नवऱ्याला खाल्लंस, आता माजं डोस्कं खायला आलीस व्हय? मी म्हनलं, तुज्या डोस्क्यात खायाजोगं उरलंय काय? दोगी हसून हसून खाली बसलो. शेजारची शरणम्मा पळत आली, काय झालं म्हून.

९ एप्रिल
चष्मा पिठाच्या डब्यात घावला. मी म्हनलं, त्याला लई भूक लागली आसंल. अक्का आज दाजींचं नाव इसरली. मी म्हनलं, बरं झालं, न्हायतरी लई मारायचे. लटकं चिडली, मग खुदकन हसली. दीड भाकरी खाल्ली.

माजं नाव मातर चुकत न्हाय. आय-बा गेले, मालक गेले, पोटी कुनी न्हाय. मला परकरात बघितल्याली ही एकलीच उरलीया. तिच्या डोस्क्यात मी हाय तंवर हाय.

१४ एप्रिल
अक्काचा गुडघा लई दुखतोय. गोळीनं उतार पडंना. आमच्याकडं गुडघ्याला बिब्बाच देत्यात. अक्का नको म्हनत हुती, आग हुती म्हनं. मी म्हनलं, बाळंत हुताना हूं न्हाय केलंस, अन आता बिब्ब्याला भ्यालीस? सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, ठिपकं दिलं. आय म्हनायची, बिब्ब्यानं डोस्कं बी तल्लख हुतं. म्हनून दोन ठिपकं जास्तीचं दिलं.

१७ एप्रिल
बिब्बा उतला. मांडीपातूर पाय सुजलाय, फोड आल्यात. नखानं खाजवून फोडलं, पू झालाय. अंग तव्यागत तापलंय. कोपऱ्याकडं बघून आयला हाका मारतीया. बिरप्पाला फोन केला, रिक्षानं दवाखान्यात नेली.

१९ एप्रिल
डाक्तरीनबाई वरडल्या न्हाईत. वरडल्या आसत्या तर बरं झालं आसतं. म्हनल्या, इसराचा रोग आदीचाच हाय, तुमच्या बिब्ब्यानं आला न्हाय. पन अशा माणसाच्या मेंदूतले राखनदार आदीच पिसाळल्याले आसत्यात. अंगात कुटं बी मोठी सूज आली, पू झाला, की रगतातनं वर्दी जाती, मग ते जास्तच चवताळत्यात अन घरच्यालाच चावत्यात. मी इचारलं, सूज उतरल्यावर परत पैल्यागत हुईल न्हवं? त्या म्हनल्या, काय जन हुत्यात, काय हुत न्हाईत. बगू.

घरी आनली. ताप उतरलाय.

२१ एप्रिल
सकाळपासनं माज्याकडं बघतीया. पापनी हालवत न्हाय. शरणम्माला म्हनली, घरात एक बाई शिरलीया, माज्या बजाचं लुगडं नेसलीया.
मी जीब काढून दावली. पैलं हसायची.
हसली न्हाय.

२२ एप्रिल
भाकरी थापत हुते. मागनं आली. माज्या गालाला नखं लावली, वडली. हळूहळू. कड घावती का बघत हुती. तोंड सोलून निघतंय का ते. तिला वाटतंय खाली कुनी दुसरंच—
रगत आलं. पदरानं पुसलं अन भाकरी उलटली.
पाय बरा हाय. सूज न्हाय. मग ही पैल्यागत का हुईना?

२३ एप्रिल
कॉटखाली बघितलं. कपाटात बघितलं. मग पान्याच्या पिपात तोंड घातलं अन हाक मारली, बजे, ए बजे.
मी मागंच हुबी. ओ म्हनलं.
तिनं झाकन लावलं. माज्याकडं बघून सांगितलं, तिला कुटं पुरलीस ते बोल.
बिरप्पा उद्या निगतो म्हनला. उद्या—

२४ एप्रिल, दुपार
अक्का दारात बसून हेल काढून रडतीया. मेलेल्या माणसावर रडत्यात तसं.
माज्यावर.
माजी हसरी बजा, माजी चेष्टेखोर बजा, कुनी गिळली गं. गल्ली गोळा झालीया. शरणम्मा पदर तोंडात घालून हुबी.
मी आत. आयकतीया. मेल्यावर आपली म्हनून कोन रडंल, म्हनायची मी. ही रडतीया, अन मी जित्ती—

वही घिऊनच जाऊन बसले शेजारी. तिनं गळ्यात हात टाकलं. रडाय आल्याली बाई समजली. म्हनली, बाई, तू तरी आलीस. किती दिसानं मिठी मारली तिनं. लई ग्वाड वाटलं, अन लई भ्या—

डावा हात तिनं धरलाय, सोडत न्हाय. उजव्यानं लिवतीया. डोळं पुसून इचारतीया, बाई, तू तिची कोन?

परत इचारतीया.

मी तिची