वहीतील एक फुली खोडण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, रसायनशास्त्राची पदवीधर, नर्सांच्या वसतिगृहाच्या भोजनगृहाची निवृत्त व्यवस्थापक, हा कागद स्वतःच्या हाताने, पेनात शाई भरून लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालण्याची हिंमत असलेला एकमेव माणूस, माझे यजमान, बारा वर्षांपूर्वी गेले. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मुलावर रागावून लिहिले होते, दुसरे मुलीवर. हे कोणावरही न रागावता लिहीत आहे, निदान सुरुवात तरी तशी आहे.

घराची वाटणी सोपी आहे. अवघड आहे ती माझी खाण्याची वही, आणि त्या वहीत एका आचाऱ्याच्या नावावर मी मारलेली काळी फुली. ती फुली चुकीची आहे. ती खोडली गेली पाहिजे. बाकी सगळे या कागदात तिच्या आगेमागे आले आहे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व कपडे वाळत घालायची गॅलरी, मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी ठरवावे. ठरवायला बसण्याआधी पोस्टाच्या जिन्याखाली जो सूपवाला बसतो त्याच्याकडे जाऊन दोघांनी पोटभर सूप आणि पाव खावा. उपाशीपोटी केलेली वाटणी नंतर कोर्टात जाते. आमच्या दिरांची गेली.

कलम २. बँकेतील ठेवींचेही तसेच. त्यावर आणखी शाई खर्च करत नाही.

कलम ३. माझा खिशातला काटा, म्हणजे आकडा आणि स्प्रिंग असलेला छोटा वजनकाटा, मुलीला. ती बाजारात वजन विचारत नाही, "बरोबरच असेल हो," म्हणते. नवीन पुलाजवळच्या मासेवालीकडे तिने हा काटा पर्समधून नुसता बाहेर काढून ठेवावा. वापरायची गरज पडत नाही. गेली पंधरा वर्षे ती मासेवाली मला पाहिले की म्हणते, "आल्या इन्स्पेक्टरबाई. घ्या, तुमच्यासाठी अंगठा घरी ठेवून आलेय." तिच्यावर माझा काही राग नाही. मासे तिच्याइतके ताजे कोणाकडे नाहीत. अंगठ्याचे तेवढे पाहावे.

कलम ४. वही. ही जाड पुठ्ठ्याची, तीनदा शिवलेली आहे. वसतिगृहात अठ्ठावीस वर्षे रोज दोनशे मुलींचे जेवण बघितल्यामुळे कोणता कसाई, कोणती बेकरी, कोणता केटरर कसा, हे मला कळू लागले, आणि मला कळते हे गावाला कळले. तेव्हापासून फोन वाजतो आहे. साखरपुडा असो की नोकरीतला निरोप, "आधी बाईंना विचारा" हे ठरलेले. वहीत आजमितीस सहाशे बारा ठिकाणे आहेत.

नियम एकच आहे. कोणत्याही ठिकाणी तीनदा जेवल्याशिवाय मत लिहायचे नाही. एकदा भर दुपारी गर्दीत, एकदा बंद व्हायच्या तासभर आधी, आणि एकदा वाईट हवेत, जेव्हा आचाऱ्याचे डोके फिरलेले असते. ओळख सांगायची नाही. फुकट खायचे नाही. प्रत्येक नोंदीपुढे तारीख.

ही वही मी माझ्या सुनेला देत आहे. मुलीला नाही, कारण तिची जीभ गोड आहे. तिला सगळेच "छान" लागते. मुलाला नाही, कारण भाजलेले आणि करपलेले यातला फरक त्याला बायकोच्या चेहऱ्यावरून कळतो. सून लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात मला म्हणाली होती, "आई, रागावू नका, पण हा रस्सा कालचा आहे." होताच. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन मंडईत गेले.

तिला वही फोनवर चढवायची आहे. चढवावी. पण तारखा गाळू नयेत. आचारी बदलतो, मालकाचा जावई गल्ल्यावर बसतो, तेल बदलते. तारखेशिवाय सल्ला म्हणजे चहाडी.

कलम ५. जे वहीत नाही, डोक्यात आहे, ते इथे लिहून ठेवते. तेही सुनेलाच.

"ताजं आहे का?" असे विचारू नये. "नाही, शिळं आहे," असे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. "हे कधी आलं?" असे विचारावे, आणि तो उत्तर देत असताना त्याच्याकडे न पाहता शेजारच्या दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे.

पालेभाजीला सकाळी जावे, फळांना दुपारी चारला. तोवर वरची देखणी फळे उठलेली असतात आणि पेटीचे खरे रूप उघडे पडते.

नदीवरच्या त्या दिव्यांच्या माळा लावलेल्या हॉटेलच्या यादीत एकशे चाळीस पदार्थ आहेत आणि रस्सा एकच आहे. मालकाने मला एकदा विचारले, "बाई, काय आवडलं?" मी म्हणाले, "नदी." तेव्हापासून तो नमस्कार करत नाही. मला चालते.

केटररची परीक्षा त्याने चाखायला पाठवलेल्या वाटीवर करू नये. वाटीत सगळेच शहाणे असतात. दुसऱ्याच्या कार्यात मागच्या दाराने जावे आणि उष्टी भांडी कुठे ठेवली आहेत ते पाहावे. धुतलेल्यांच्या शेजारी असतील तर तसेच परत फिरावे.

माझी धाकटी जाऊ हयातभर सांगत आली की चौकातल्या बेकरीचा केक सर्वांत चांगला. तो केक मी सात वेळा खाल्ला, तीनाऐवजी सात, केवळ तिच्यासाठी. तो भुसा आहे. हे तिला वाचून दाखवावे.

कलम ६. फुली. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

सव्वीस वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, मुलीचे लग्न होते. साडेतीनशे माणसांचे जेवण ज्या आचाऱ्याला दिले त्याचा त्या काळी मोठा लौकिक होता, आणि माझ्याच वहीत त्याच्यापुढे "निःशंक" असे लिहिलेले होते. व्याह्यांची बस वाटेत बंद पडली. स्वयंपाक तयार, माणसे नाहीत. आचारी मला म्हणाले, "बाई, उशीर होतोय तर पातेली उघडीच राहू देत. मी वर मलमल टाकलीय. वाफ निघून जायला पाहिजे." आणि ते बर्फ आणायला स्वतः गेले.

मी आत गेले तर मलमलीवर माशा. भांडी घासणाऱ्या बायकांना मी हाक मारली, मलमल काढायला लावली, झाकणे बसवायला लावली आणि वर ओली फडकी गुंडाळायला लावली. माझ्या देखरेखीखाली. मग पाहुण्यांकडे गेले. चार तासांनी, आचारी बर्फ शोधत गावभर फिरून नुकते परतले होते तेव्हा, बस आली, झाकणे निघाली, वाढप सुरू झाले, आणि कोबीची भाजी आंबलेली निघाली. व्याह्यांच्या थोरल्या भावाने ताट दूर सरकवले. मी सगळ्यांदेखत आचाऱ्यांना म्हणाले, "हे कुत्र्यापुढे ठेवलं तर कुत्रं तोंड फिरवेल." ते एक अक्षर बोलले नाहीत.

त्याच दिवशी वहीत फुली मारली. एका जेवणावर. तीनदाचा नियम मी तेव्हा पाळला नाही. नंतर जो कोणी विचारी त्याला सांगत असे, "त्याच्याकडे जाऊ नका." कोणाकोणाला सांगितले तेही लिहून ठेवले आहे, कारण मी सगळेच लिहून ठेवते. एकशे सहा घरे आहेत. दोन वर्षांत त्यांची मोठी कामे थांबली. पुढे बस डेपोच्या मागे एक खिडकी भाड्याने घेऊन ते ड्रायव्हर-कंडक्टरांना जेवण देऊ लागले. आजही देतात.

झाकणे मी लावली हे मी विसरले होते असे नाही. मी ते कधी जोडूनच पाहिले नाही. उलट, घाईगर्दीतही माशा हाकलल्या याचा मला अभिमान होता.

गेल्या उन्हाळ्यात कोबीची भाजी चुलीवरून उतरवली आणि फोन वाजला. म्हणून गरम पातेल्यावर झाकण टाकून गेले. मागच्या गल्लीतली एक बाई विचारत होती, "डेपोमागची ती जेवणाची खिडकी आहे ना, ते पूर्वी लग्नाची जेवणं करायचे म्हणे. विचारू का त्यांना?" मी सवयीने म्हणाले, "त्यांच्याकडे जाऊ नका." मग बँकेत जाऊन आले, बँकेत रांग होती. परत येऊन झाकण काढले, आणि तोच वास आला. अगदी तोच. रसायनशास्त्राची पदवी माझ्या बैठकीत भिंतीवर टांगलेली होती. त्या दिवशी ती उतरवून ठेवली.

त्या बाईला लगेच फोन केला. तिने दुसरा केटरर ठरवून टाकला होता.

मग मी डेपोमागे तीनदा जेवले. भर दुपारी, बंद व्हायच्या आधी, आणि धो धो पावसात. भात मोकळा, भाजी ताजी, तव्यावरचा बटाटा असा की मी दुसऱ्यांदा मागितला. तिसऱ्या दिवशी ओळख सांगितली. ते हात पुसत म्हणाले, "पहिल्या दिवशीच ओळखलं, बाई. ताटाचा वास घेऊन सुरुवात करणारं दुसरं कोण आहे?"

मी झाकणांचे सांगितले.

"माहीत आहे. भांडीवाल्यांनी त्याच दिवशी सांगितलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"मुलीची आई तुम्ही. लग्नघरात आईला कोण खोटं पाडतं? आणि नंतर येऊन बोललो असतो, तर ऐकलं असतंत?"

"नाही," मी म्हणाले.

"मग," ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ताट दिले.

तेव्हा माझी आज्ञा अशी की माझ्या मृत्यूनंतर सुनेने ही फुली खोडावी, आणि एकशे सहा घरी जाऊन हे कलम जसेच्या तसे वाचून दाखवावे.

(वरील शेवटचे वाक्य खोडले आहे. कारण कलम ८ मध्ये. वाचता यावे म्हणून एकच रेघ मारली आहे.)

कलम ७. वसतिगृहाचे स्वयंपाकघर बदलले तेव्हा मी विकत घेतलेली जाड बुडाची सहा मोठी पातेली वरील आचाऱ्यांना द्यावीत. (हेही खोडले आहे.)

कलम ८. आज, सह्यांच्या दिवशी, जोडलेले.

वकील हा माझ्या मुलाचा मित्र. समोरच्या डॉक्टरीणबाई पहिल्या साक्षीदार म्हणून वेळेवर आल्या. दुसरे साक्षीदार, निवृत्त पोस्टमन, ताप येऊन पडले. आचाऱ्यांना मी कलम सहा आणि सात ऐकवण्यासाठी बोलावले होते. ते हातात डबा घेऊन आले आणि दोन्ही कलमे शांतपणे ऐकली. मी म्हणाले, "यांचीच सही घ्या."

वकील म्हणाला, "काकू, यांची नाही चालत. यांच्या नावे पातेली आहेत. ज्याला मिळतं तोच साक्षीदार झाला, तर त्याला दिलेलं रद्द होतं."

"मग पातेली खोडा," आचारी म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हणाले. "जाड बुडाची आहेत."

"बाई, पातेली माझ्याकडेही आहेत. माळ्यावर उपडी पडलीत. पातेल्यांवाचून नव्हतं अडलं माझं."

ते पुढे म्हणाले, "आणि तुम्ही गेल्यावर सूनबाई दारोदार वाचत फिरणार. लोक म्हणतील, म्हातारी जाता जाता दानधर्म करून गेली. मला दान नको. तुम्ही हयात असताना खोडा, आणि लोकांना जेवून ठरवू दे. त्या एकशे सहा घरांना बोलवा. स्वयंपाक मी करतो."

"चारशे माणसं होतील."

"मग चारशे."

"इतक्या वर्षांनी. आणि चुकलं तर?"

"तर फुली राहू दे. या वेळी माझी असेल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी येणार." वकिलाला कोणी विचारले नव्हते, तोही येणार आहे.

खरे सांगायचे तर मेल्यानंतर खोडणे मला सोपे होते, म्हणून तसे लिहिले होते. आता मी स्वतः फोन करून प्रत्येक घरी सांगेन की सव्वीस वर्षांपूर्वी भाजी मी नासवली. सून नंबर लावून देईल, बोलेन मी. जेवण येत्या रविवारी दुपारी एक वाजता, पोस्टाच्या मागच्या सभागृहात. पातेली सुनेला.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

(सही) घराची मालकीण, लिहून ठेवणारी

स्थळ : माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : ११ मार्च, बुधवार, सकाळचे साडेअकरा

साक्षीदार १ : समोरच्या डॉक्टरीणबाई. (सही) यांची प्रकृती मी तपासली आहे. ठीक आहे. गुडघे सोडून.

साक्षीदार २ : डेपोमागच्या खिडकीतील आचारी. (सही) मला या कागदातून काहीही मिळत नाही. बाई पूर्ण शुद्धीत आहेत याची मी खात्री देतो. मी आणलेल्या डब्यातल्या भाजीत त्यांनी आत्ताच दोन चुका काढल्या. त्यातली एक खरी आहे.